कणसाला ‘गं’ म्हणणारी

ठमाबाईशी कुणी गोड बोलायला गेलं की ती आधी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, "काय पायजे?" गोड बोलणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी उपटायचं असतं, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. तो अगदीच खोटा होता असं म्हणवत नाही.

पनवेलच्या एस.टी. स्टँडच्या फाटकाशी, गाड्या बाहेर निघतात त्या अंगाला, ती मक्याची कणसं भाजत बसायची. गिऱ्हाईक कणसात नख रुतवून दाणा कोवळा आहे का बघायला लागलं की वारा घालायच्या पुठ्ठ्याचा फटका त्याच्या बोटांवर बसलाच. "नख लावायचं तर घरच्या वांग्याला लाव. माजं कनीस हाय ते." माणूस बोटं चोळत उभा राहायचा, पण जायचा नाही. कारण कणीस भाजावं तर ठमाबाईनंच. आतली दोन पानं अंगावर ठेवूनच ती आधी कणीस निखाऱ्यावर नुसतं शेकवायची, मग पानं मागं ओढून उघड्या दाण्यांना आच द्यायची. मनगट असं फिरायचं की एक ओळ कच्ची राहायची नाही आणि एक जळायची नाही. दाणे तडतडायला लागले की लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून वरून खालपर्यंत रगडायची आणि ते कणीस गिऱ्हाइकाच्या हातात कोंबायची. दातांनी दाणे उचलताना ओठ पोळायचे, रस हनुवटीवर ओघळायचा, तिखटानं नाक वाहायला लागायचं, आणि कोकणात निघालेली ती भली माणसं शिव्या खाऊनही दुसरं कणीस मागायची.

लोकांना कणीस म्हटलं की पावसाळा आठवतो. ठमाबाईचा धंदा खरा चालायचा तो मे महिन्यात. वरच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला भर उन्हाळ्यातही असतं, त्यामुळं आपटा गावाच्या काठाला काहीजण उन्हाळी मका लावत. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. सकाळी आपट्याहून टेंपोत कणसांची पोती यायची, देठाला चीक असलेली, केस अजून ओले असलेली. मे महिन्याच्या उन्हात शेगडीपुढं बसायचं म्हणजे माणसाचंच भरीत व्हायचं. पण गावी जाणाऱ्यांनी स्टँड फुललेला असायचा आणि इतकी ताजी कणसं तिच्याशिवाय कुणाकडं नसायची.

साळू सोडली तर.

साळू ही ठमाबाईची धाकटी जाऊ. आणि ती बसायची कुठं, तर ठमाबाईच्या शेगडीपासून हातभर अंतरावर. दोघींचा धूर वर जाऊन एक व्हायचा, पण दोघींमध्ये अबोला होता, कित्येक वर्षांचा, घट्ट धरलेला.

ठमाबाईचा नवरा काशिराम वीटभट्टीवर कामाला म्हणून गेला आणि भट्टीवरच्याच एका बाईबरोबर परस्पर घाटावर निघून गेला. पदरात एक तान्ही पोर, नावावर वीतभर जमीन नाही. डोंगरालगतच्या वाडीतली माणसं अशा वेळी हळहळतात आणि आपापल्या घरी जातात. ठमाबाईनं कुणाची वाट पाहिली नाही. एक फुटकी शेगडी घेतली आणि फाटकाशी येऊन बसली. ती जागा मिळवायला ती पेरूवाल्याशी भांडली, हमालांशी भांडली, स्टँडच्या वॉचमनच्या अंगावर जळकं कणीस घेऊन धावून गेली. लेक आता सासरी नांदत होती, ती त्या शेगडीच्या जोरावर.

मग धाकटा दीर गोमा साळूला लग्न करून घेऊन आला. पोरगी हसरी, बोलायला चुरचुरीत. ठमाबाईला आवडली, आणि तिला कुणी आवडणं ही बाब मुळातच क्वचित घडणारी. तिनं साळूला बरोबर आणायला सुरुवात केली. कोळसा कसा रचायचा, पानं कधी ओढायची, तडतड ऐकून कणीस कधी उचलायचं, सगळं शिकवलं. एका उन्हाळ्यात ठमाबाईला हिवतापानं धरलं. ती वाडीत कांबळ्याखाली कुडकुडत पडली आणि फाटक साळूनं सांभाळलं. बरी होऊन ठमाबाई परत आली तेव्हा साळू सरकली. उठली मात्र नाही. हातभर बाजूला स्वतःची नवी शेगडी मांडून बसली.

"जावबाय, गिऱ्हाईक दोगींना पुरंल," साळू म्हणाली.

ठमाबाईनं पाठ फिरवली. ते त्या दोघींमधलं शेवटचं सरळ वाक्य.

पण अबोला धरणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. ठमाबाईला गप्प बसवत नसे. ती हातातल्या कणसाशी बोलायला लागली. "काय गं, बरी फुललीस! इस्तव कोनाचा, नि फुलतंय कोन!" तिकडून साळू आपल्या कणसाला फिरवत म्हणायची, "जळू नको गं येवढी. जळून जळून काळी पडलीस, आता तुला कोन घेनार?" ठमाबाई लगेच दुसरं कणीस उचलायची. "हसतीस काय दात काढून? तुज्या आयनं येवढंच शिकवलं वाटतं." "आयनं शिकवलं नाय गं बाय, शिकवनारीनं शिकवलं, नि आता तिचंच पोट दुकतंय."

आता कणीस म्हणजे ते कणीस. त्याच्याशी कुणी बोललंच तर ‘काय रे’ म्हणेल. या दोघी कणसाला ‘गं’ म्हणायच्या, तिथंच सगळं उघडं होतं. स्टँडवरच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं की कणसाचं नाव पुढं करून कुणाची चामडी सोलली जाते आहे. पण नियम कडक होता. नाव घ्यायचं नाही, तोंडाकडं बघायचं नाही. जी सरळ उत्तर देईल ती हरली. तळोज्याच्या कारखान्यांतून सुटलेले शिफ्टवाले मुद्दाम इथं उतरायचे, दोघींकडून एकेक कणीस घेऊन मध्ये उभे राहायचे आणि कान टवकारायचे. त्यांचं काय जात होतं? दाण्याबरोबर तमाशा फुकट.

ठमाबाईला यातला प्रत्येक टोमणा प्रिय होता. घरी भाकरी थापताना ती दुसऱ्या दिवशीचे जुळवून ठेवायची. साळूची चाल, साळूचं तिखट, साळूचं माहेर, तिनं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. साळू एक दिवस शेगडी उचलून तोंड काळं करील आणि फाटक पुन्हा आपलं एकटीचं होईल, याच्यासाठी ती झुरत होती, आणि ते ती लपवतही नव्हती.

तरी एक जागा तिनं सोडली होती. साळूला मूल होत नव्हतं. इतकी वर्षं झाली, नवससायास झाले, अंगारे झाले, साळूची कूस उजवली नाही. ठमाबाईच्या जिभेवर ते कितीदा येऊन गेलं असेल, पण तिनं ते कधी कणसाला सांगितलं नाही. तिकडे साळूनंही आजवर काशिरामचं नाव कुठल्या कणसाला ऐकवलं नव्हतं. हा काही चांगुलपणा नव्हता. एकमेकींचं एवढं मर्म दोघींना माहीत होतं आणि तिथं हात घातला तर पुढं भांडायलासुद्धा काही उरणार नाही, एवढी अक्कल दोघींना होती.

त्या साली उन्हानं कहर केला. आपट्याहून आलेला माल बघून ठमाबाईचं डोकं फिरलं. कणसं वरून हिरवीगार, केस पिंगट, लोंबते, आणि पान ओढावं तर आत बोळकं. कुठं चार दाणे, कुठं सहा. उन्हाच्या तडाख्यानं मक्यानं दाणाच धरला नव्हता. एकामागून एक ती सोलत होती, फेकत होती आणि आपटेकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

साळू काही दिवस फिरकली नव्हती. ठमाबाईनं तिच्या जागेवर आपली पोती पसरून टाकली होती आणि मनात म्हटलं होतं, सुटले. त्या दुपारी साळू डोक्यावर शेगडी घेऊन उगवली. तोंड पांढरंफटक, चालणं सावकाश. ठमाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही, नियमच होता तो. नुसती पोती ओढून घेतली, धुसफुसत. साळूनं कोळसा पेटवला. चारदोन गिऱ्हाइकं नेहमीच्या आशेनं मध्ये येऊन उभी राहिली.

आणि ठमाबाईच्या हाताला ते कणीस लागलं. पोत्यातलं सगळ्यांत जाड, तुकतुकीत. निदान हे तरी नीट निघेल म्हणून तिनं मोठ्या आशेनं पान ओढलं. आत पांढरा दांडा. एक दाणा नव्हता. ठमाबाईचा तोल गेला.

"वरनं बग कशी भरल्यावानी दिसते! आन आत? येवढं पानी पिऊन येक दाना धरवला नाय गं तुला, मेले! फुकट गेलीस. जा, गुरांपुढं पड!"

आणि तिनं ते कणीस भिरकावलं. सालपटांचा ढीग साळूच्या बाजूला होता. कणीस ढिगावरून घरंगळलं आणि साळूच्या गुडघ्याशी जाऊन थांबलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणारा गप्प झाला, कारण साळूनं उत्तर द्यायला आपलं कणीस उचललं नव्हतं.  ती त्या पांढऱ्या दांड्याकडं बघत राहिली. मग तिनं प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि आपल्या पेटत्या शेगडीवर उपडा केला. चर्र करून वाफ आणि राख वर उडाली. पेटत्या शेगडीवर पाणी कुणी घालत नाही. विस्तव राखेत झाकायचा असतो, ही पहिली गोष्ट ठमाबाईनंच तिला शिकवली होती. साळू उठली, शेगडी तिथंच टाकून पदर तोंडाला लावून चालती झाली.

ठमाबाईला काही कळलं नाही, पण आनंद झाला. जिंकले, असं तिला वाटलं. "पानी पडलं गं बाय तुज्यावर," ती पुढच्या कणसाला म्हणाली आणि हसली.

समोर झकेरियाभाईंची कोळशाची वखार होती. दोघी त्यांच्याकडूनच कोळसा न्यायच्या. म्हातारा कधी कुणाच्या अध्यात नसे. तो रस्ता ओलांडून आला.

"ठमाबाय, आज तुमी हद्द केली. खुदाला तरी घाबरा."

"काय केलं मी?"

"गेल्या हप्त्यात गोमा माझी हातगाडी घेऊन गेला. साळूला घालून सरकारी दवाखान्यात नेली. पाचवा महिना होता तिला. गेला तो जीव."

ठमाबाईच्या हातातलं कणीस शेगडीवर तसंच राहिलं. "पाचवा? मला कोनी सांगितलं? तिला दिस गेलं व्हतं ह्येच मला ठावं नाय!"

"तुमच्यापासूनच तर छुपवलं. तुमच्या जबानची धास्ती."

"आवो पन मी कनसाला बोलले!"

झकेरियाभाईंनी तिच्याकडं बघितलं. "कनसाला," ते म्हणाले, आणि वखारीत परत गेले.

ठमाबाई उठली. सालपटांतून ते कणीस शोधून तिनं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपुढं धरलं. "बगा! हाय का येक तरी दाना? ह्याला बोलले मी. डोळे हायत ना तुमाला? बगा की!" कुणी बघेना. एकजण गाडी आली म्हणून सटकला, गाडी आली नव्हती. एरवी तासन्‌तास मध्ये उभे राहून मजा मारणारे ते शिफ्टवाले, त्यांना एकाएकी सभ्यपणाचा उमाळा आला.

बातमी तिच्या आधी वाडीत पोचली. हातपंपावर ती गेली तर बायकांनी आपापले हंडे बाजूला ओढले. एकीनं तर तिच्यादेखत जमिनीवर थुंकून, दृष्ट लागू नये म्हणून मुलाच्या कपाळाला बोट लावलं. ठमाबाईनं तिला जागेवरच चार शिव्या हासडल्या. पण शिव्यांत नेहमीचा दम नव्हता. गोमा सुकापूरच्या इमारतींवर बिगारी कामाला जायचा, तो कामावरून येताना स्टँडवर आला आणि साळूची शेगडी उचलून निघाला.

"वैनी, माज्या दारात पाय ठेवू नको," तो जाता जाता म्हणाला.

"तुज्या दारात माजं काय पुरलंय?" ठमाबाई फाडकन म्हणाली.

फाटक आता तिचं एकटीचं होतं. वर्षानुवर्षं जे मागितलं ते मिळालं होतं. ती पाय पसरून बसली, दोन्ही बाजूंना पोती टाकली, आणि तिच्या अंगाची सारखी आगच होत राहिली. राग सगळ्यांचाच आला. गोमाचा आला, झकेरियाभाईंचा आला, बातमी लपवणाऱ्या साळूचा तर फारच आला. इतकं बोलले, त्यातला शब्द न् शब्द माझा, मी कुठं नाही म्हणते? आणि जे मी बोललेच नाही, त्याच्यासाठी मला वाळीत टाकता? तिला कुणाची क्षमा नको होती. वाडीनं काय वाटेल ते म्हणावं. साळूला मात्र कळायला हवं होतं. ते वाक्य तुझं नव्हतं, एवढं एक तिला कळलं पाहिजे होतं. ते कळल्याशिवाय ठमाबाईला घास गिळवेना, आणि घास गिळवत नाही म्हणून पुन्हा साळूचाच राग येई.

शेवटी एका सकाळी ती फाटकाकडं जायच्याऐवजी गोमाच्या झोपडीकडं वळली. गोमा कामावर गेला होता. पदरात तिनं त्याच पोत्यातली कणसं बांधून आणली होती, आता सुकून वाळलेली, सगळी बिनदाण्याची. पुरावा म्हणून.

साळू अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. ठमाबाई समोर उभी राहिली. ऊन पाठीवर होतं आणि तिची सावली साळूच्या सुपावर पडली होती. साळूनं मान वर केली नाही.

"साळू," ठमाबाई म्हणाली. तिच्याच कानांना तो आवाज परका लागला.

साळू सूप झटकत राहिली. तिच्या पायांशी एक कोंबडी टिपत होती. "कोंबडे," साळू कोंबडीला म्हणाली, "कोन उबं हाय गं? ऊन आडवलंय त्यानं."

ठमाबाईनं पदराची गाठ सोडली आणि कणसं जमिनीवर ओतली. "बग. समदी असलीच व्हती. मी ह्यांना बोलले. देवाशपत साळू, मी कनसाला बोलले. तुज्याकडं मी बगितलंबी नव्हतं."

"ऐकलंस का गं कोंबडे? कनसाला बोलली म्हनं." साळूनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मंग इतकी वर्सं ती कोनाला बोलत व्हती, इचार तिला."

  तेव्हाही कणसालाच बोलत होते, असं म्हणण्याची ठमाबाईला सोय होती. नियमानं तर तेच म्हणायला हवं होतं, इतकी वर्षं दोघी त्याच आडून बसल्या होत्या. पण तसं म्हटलं तर आजचं खरंही त्या खोट्यात बुडणार होतं.

"तुला," ती म्हणाली. "समदं तुलाच बोलले. तुजं चालनं, तुजं तिकट, तुजी आय. तुला लागावं म्हनूनच बोलले. येकेक शबुद. रातीला जुळवून बोलले. तू माजी जागा घेतलीस, मी तुला कंदी सोडनार नव्हते, अजूनबी सोडत नाय. पन ह्यो येक नाय, साळू. ह्यो येक तुला नव्हता."

साळूचे हात थांबले. तिनं सूप खाली ठेवलं. मान वर केली आणि ठमाबाईच्या डोळ्यांत सरळ बघितलं. इतक्या वर्षांत ठमाबाईनं ते डोळे जवळून पाहिले नव्हते. केवढे आत गेले होते ते.

"त्योच येक लागला," साळू म्हणाली. कोंबडीला नाही, तिला.

मग उठली, आत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तांदळाचं सूप अंगणातच राहिलं होतं. साळू उठली तशी ती कोंबडी सुपात शिरली, मग कुडामागून आणखी दोन धावत आल्या. ठमाबाईनं "हुश्श" म्हणायला तोंड उघडलं आणि आवळलं. दाराच्या फटीतून साळूला सगळं ऐकू जाणार होतं. आता ती कोंबडीला काहीही बोलली असती, मेले म्हणाली असती, हावरट म्हणाली असती, नुसतं चालती हो म्हणाली असती, तरी ते साळूलाच गेलं असतं. ती सुपापाशी खाली बसली आणि तोंडातून चकार शब्द न काढता नुसते हात हलवत कोंबड्या हाकत राहिली.